२९८ अपघात, पण कशापैकी? अर्धवेळ लष्करी वैमानिकांवरचा एक अहवाल वाचताना



पेट झाली, कोर्सवर्क सुरू झालं, आणि गाईडनं सांगितलं की "लिटरेचरचा चिकित्सक आढावा लिहून आणा." इथे बरेच जण अडकतात. चिकित्सक म्हणजे काय? नावं ठेवायची? की प्रत्येक पेपरचा सारांश लिहून शेवटी "मात्र या अभ्यासाला काही मर्यादा आहेत" असं एक वाक्य चिकटवायचं?

दोन्ही नाही. म्हणून आज एक अहवाल घेऊन तो प्रत्यक्ष तपासून बघू. मुद्दाम आपल्या सगळ्यांच्या विषयाबाहेरचा निवडला आहे, म्हणजे रसायनवाले आणि प्राणिशास्त्रवाले एकाच रेषेवर उभे राहतील. अमेरिकेच्या गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिसनं, म्हणजे जीएओनं, एप्रिल २०२३ मध्ये नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टर अपघातांवर एक अहवाल काढला. जीएओ म्हणजे ढोबळमानानं त्यांच्याकडचं कॅग समजा. फरक इतकाच की ते थेट तिथल्या संसदेसाठी, काँग्रेससाठी काम करतं. अहवाल सगळ्यांना मोफत वाचता येतो आणि भाषा सोपी आहे. मुख्य म्हणजे विषय गंभीर आहे. यातली प्रत्येक नोंद कोणाच्या तरी घरी पोचलेली बातमी आहे.

आधी पार्श्वभूमी: अर्धवेळ वैमानिक म्हणजे कोण?

आपल्याला "अर्धवेळ सैनिक" म्हटलं की सचिनचं मानद ग्रुप कॅप्टनपद किंवा धोनीचं टेरिटोरियल आर्मीतलं मानद पद आठवतं. ते सन्मान आहेत. अमेरिकेतल्या गार्डचा मामला वेगळा आहे. तिथे खरोखरचे वैमानिक आठवडाभर दुसरी नोकरी करतात. कोणी विमान कंपनीत असतो, कोणी एअर अॅम्ब्युलन्स उडवतो, कोणी शाळेत शिकवतो. उरलेल्या वेळात ते ब्लॅक हॉक किंवा चिनूक उडवतात. राज्याच्या गव्हर्नरनं बोलावलं तर पूर, वणवा, वादळ. केंद्रानं बोलावलं तर परदेशातली युद्धभूमी. म्हणजे मालक दोन, आणि तिसरा मालक म्हणजे त्यांची रोजची नोकरी.

कायद्यानं गार्डच्या तुकडीला वर्षाला किमान ४८ प्रशिक्षण सत्रं आणि १५ दिवसांचं शिबिर ठरवून दिलं आहे. एका शनिवार-रविवारात चार सत्रं बसवतात, म्हणून १२ वीकेंडांत ४८ होतात. "महिन्यातून एक वीकेंड आणि वर्षातून दोन आठवडे" हे तिथलं प्रसिद्ध वाक्य इथूनच आलं. हिशेब करा: २४ दिवस अधिक १५, म्हणजे ३९ दिवस. प्रत्येक सत्राला महिन्याच्या मूळ पगाराचा तिसावा भाग मिळतो.

आता ३९ दिवसांत वैद्यकीय तपासणी, कागदपत्रं, ऑनलाइन कोर्स, शस्त्रसराव, बैठका हे सगळं उरकून हेलिकॉप्टर किती उडणार? म्हणून वैमानिकांना याव्यतिरिक्त खास उड्डाणासाठीची पगारी सत्रं मिळतात. ऑफिस सुटल्यावर तळावर जायचं, रात्रीचं एक उड्डाण करायचं, घरी यायचं, असं त्यांचं आयुष्य असतं. १९९४ च्या एका केंद्रीय कायद्यामुळे मालकाला अशा सेवेसाठी रजा द्यावी लागते आणि नोकरी राखून ठेवावी लागते. पण कायदा रजा देतो, दिवसाचे तास वाढवून देत नाही. तुमच्यापैकी जे ज्युनिअर कॉलेजची नोकरी सांभाळून पीएचडी करताहेत त्यांना हे वेगळं समजवायला नको.

आणि कसोटी अर्धवेळ नसते. मूळ प्रशिक्षण पूर्णवेळवाल्यांबरोबर अलाबामातल्या फोर्ट रकरलाच होतं. रात्री, नाइट व्हिजन गॉगल लावून, धुळीत उतरताना "मी वीकेंडवाला आहे" असं सांगून सवलत मिळत नाही.

जाता जाता एक सांगते. आपल्याकडेही असा प्रयोग झाला होता. १९५२ च्या रिझर्व्ह अँड ऑक्झिलरी एअर फोर्सेस कायद्याखाली मुंबईसह काही शहरांत सहायक हवाई दलाच्या स्क्वाड्रन उभ्या केल्या होत्या. पुढे त्या नियमित हवाई दलात सामावल्या गेल्या. त्यामुळे "अर्धवेळ माणूस पूर्णवेळ कौशल्य कसं टिकवणार" हा प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही.

अहवाल काय म्हणतो?

थोडक्यात तीन भाग आहेत.

पहिला, अपघात. आर्थिक वर्ष २०१२ ते २०२१ या दहा वर्षांत, युद्धाबाहेरच्या उड्डाणांत आर्मी आणि एअर नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टरांचे २९८ अपघात नोंदले गेले. त्यातले ४५ गंभीर होते. २८ माणसं गेली. कारणांमध्ये मानवी चूक ठळक दिसते: भोवतालच्या परिस्थितीचं भान सुटणं, फाजील आत्मविश्वास, वगैरे.

दुसरा, सुरक्षेची व्यवस्था. उड्डाणाआधी भरायचे जोखमीचे तक्ते वेळोवेळी तपासून सुधारले जात नाहीत. सुरक्षा अधिकाऱ्यांच्या डोक्यावर इतर कामांचं ओझं असतं.

तिसरा, प्रशिक्षण. वैमानिकांना ठरलेला सराव पूर्ण करता येत नाही. कारण देखभाल करणारी माणसं कमी, म्हणून उडण्याजोगी हेलिकॉप्टरं कमी. सिम्युलेटर लांब. आणि हाताशी असलेला वेळ उड्डाणाशी संबंध नसलेल्या कामांत जातो.

मग शिफारशी: तक्ते सुधारा, सुरक्षेसाठी माणसं पुरेशी आहेत का ते तपासा, प्रशिक्षणातल्या अडचणींवर एकत्रित धोरण आखा.

आधी श्रेय

चिकित्सा म्हणजे फक्त खोट काढणं नाही, म्हणून चांगलं आधी. या अहवालाचा सगळ्यात मोलाचा भाग तिसरा आहे. अर्धवेळ वैमानिकाचा सराव कमी पडला तर सहज सुचणारं उत्तर असतं, "त्याला आणखी दिवस द्या." अहवाल दाखवतो की अडसर बऱ्याचदा वैमानिकाच्या कॅलेंडरमध्ये नसतोच. तो हँगरमध्ये असतो. वैमानिक शनिवारी हजर आहे, पण हेलिकॉप्टर उघडून ठेवलेलं आहे, कारण आठवडाभर ते दुरुस्त करायला पुरेसे पूर्णवेळ तंत्रज्ञ नव्हते. अर्धवेळ दल चालवायला मागे पूर्णवेळ माणसं लागतात. खर्च वाचवण्याच्या चर्चेत हे हमखास विसरलं जातं.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी बाटलीची मान योग्य जागी शोधली. आणि त्यासाठी नुसते तक्ते न बघता तळांवरच्या लोकांशी बोलले. हे मान्य करूनच पुढे जाऊ.

पहिली अडचण: छेद कुठे आहे?

बातम्यांमध्ये गाजला तो आकडा २९८. आकडा खरा आहे, पण तो नुसता अंश आहे. छेद कोणता घ्यायचा? एकूण उड्डाणतास? उड्डाणं? वैमानिक? हेलिकॉप्टरं?

लष्करी विमानवाहतुकीत अपघाताचा दर साधारणपणे प्रति १,००,००० उड्डाणतास असा मांडतात. पूर्णवेळ दलासाठी ते ठीक आहे. अर्धवेळ दलासाठी मात्र या छेदात एक खाच आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजण्यापुरते.

समजा एका तुकडीत १०० वैमानिक आहेत आणि प्रत्येक जण वर्षाला २०० तास उडतो. एकूण २०,००० तास. दर १०,००० तासांना एक अपघात धरला तर वर्षाला २ अपघात. आता निधी कपात झाली, प्रत्येकाचे तास ८० वर आले. एकूण ८,००० तास. सराव घटल्यामुळे प्रत्येक तासाचा धोका दुप्पट झाला, म्हणजे दर १०,००० तासांना दोन. अपघात किती? १.६.

बघा काय झालं. प्रत्येक उड्डाण दुप्पट धोकादायक झालं, आणि वार्षिक अपघातांचा आकडा मात्र खाली आला! वरिष्ठ कार्यालयात बसलेला माणूस आलेख बघून म्हणेल, "सुधारणा आहे." म्हणून अर्धवेळ दलाबद्दल नुसती अपघातसंख्या सांगणारं कुठलंही वाक्य वाचताना थांबा. संख्या घटली म्हणून सुरक्षा वाढली असं होत नाही, आणि संख्या वाढली म्हणून कौशल्य घटलं असंही नाही.

याच मुद्द्याची दुसरी बाजू आहे लहान संख्यांची. दहा वर्षांत ४५ गंभीर अपघात, म्हणजे वर्षाला सरासरी ४.५. ज्यांनी पॉयसाँ वितरण शिकलंय त्यांनी वहीत करून बघा: काहीही बदललं नाही तरी निव्वळ योगायोगानं एखाद्या वर्षी २ आणि एखाद्या वर्षी ७ येणं अगदी सामान्य आहे. पंचाऐंशी टक्क्यांच्या आसपास वर्षं या पट्ट्यात पडतात. त्यामुळे "गेल्या वर्षी ३ होते, यंदा ६ झाले, म्हणजे अपघात दुप्पट" ही बातमी होऊ शकते, निष्कर्ष होऊ शकत नाही. सुरक्षेवरची कुठलीही दोन वर्षांची तुलना याच चाळणीतून घालायची.

दुसरी अडचण: "मानवी चूक" हे उत्तर आहे की प्रश्न?

मानवी चूक हे कारण म्हणून लिहिलं की अहवाल पूर्ण झाल्यासारखा वाटतो. पण एक प्रत्यक्ष घटना घ्या.

५ डिसेंबर २०१९ ला मिनेसोटा गार्डचं एक ब्लॅक हॉक देखभालीनंतरच्या चाचणी उड्डाणात पडलं. तिघे गेले. चौकशीत निघालं ते असं: इंजिनाच्या इंधनपुरवठ्याचं नियंत्रण करणारा एक भाग देखभालीच्या वेळी चुकीचा बसवला गेला होता. त्यामुळे चाचणी चालू असताना एक इंजिन बंद पडलं. आणि त्यानंतर वैमानिकांकडून जो प्रतिसाद अपेक्षित होता तो आला नाही.

आता तुम्ही कोडिंग करायला बसलात तर या अपघाताला कुठल्या रकान्यात टाकाल? यांत्रिक बिघाड? देखभालीतली चूक? वैमानिकाची चूक? तिन्ही बरोबर आहेत. जेम्स रीझननं १९९० च्या 'ह्यूमन एरर' या पुस्तकात हाच भेद स्पष्ट केला: एक चूक घटनेच्या क्षणी, टोकाला असलेल्या माणसाच्या हातून होते, आणि दुसरी कितीतरी आधी व्यवस्थेत घडून सुप्त पडून राहते. चौकशी अहवालात पहिली पटकन दिसते, कारण ती शेवटची असते. दुसरी शोधावी लागते.

इथे जीएओच्या अहवालाची मांडणी मला कमी पडते. पहिल्या भागात मानवी चुका आहेत. तिसऱ्या भागात प्रशिक्षणाच्या अडचणी आहेत. वाचणाऱ्याच्या मनात या दोन भागांमध्ये आपोआप बाण तयार होतो: सराव कमी, म्हणून चुका, म्हणून मृत्यू. बाण पटण्यासारखा आहे, मलाही पटतो. पण तो सिद्ध करायला एक वेगळाच डेटा लागतो: ज्या वैमानिकांच्या हातून चूक झाली त्यांचा आधीच्या ३०, ६०, ९० दिवसांतला सराव, आणि त्याच काळात, तशाच परिस्थितीत सुखरूप उडालेल्या वैमानिकांचा सराव. केस-कंट्रोल अभ्यास. दोन प्रकरणं शेजारी शेजारी ठेवली म्हणून त्यांच्यात कार्यकारणभाव तयार होत नाही.

शोधनिबंधांत हे सर्रास होतं. निष्कर्षाच्या प्रकरणात "यावरून स्पष्ट होते की" हे शब्द दिसले की मागे जाऊन बघायचं, की कशावरून.

तिसरी अडचण: तास म्हणजे कौशल्य का?

हा मला सगळ्यात रस असलेला भाग आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

वैमानिकाची तयारी मोजायची तर सगळे उड्डाणतास मोजतात. मोजायला सोपं असतं, लॉगबुकात लिहिलेलंच असतं. पण कुठले तास? आयुष्यभराचे की गेल्या महिन्यातले?

कॉलिन हॅमन आणि स्टॅन्ली होरोविट्झ यांनी इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स अॅनालिसिसमध्ये १९९० मध्ये याचा अभ्यास केला. त्यांनी विमानवाहू जहाजावर उतरणं, बॉम्बफेकीची अचूकता, हवाई लढतीचा सराव अशा मोजता येणाऱ्या कामगिऱ्या घेतल्या आणि त्या वैमानिकाच्या तासांशी जोडून बघितल्या. महत्त्वाचं म्हणजे एकूण कारकिर्दीतले तास आणि अलीकडचे तास असे दोन वेगळे चल ठेवले. दोन्हींचा परिणाम दिसतो, पण दोन्ही एकच गोष्ट नव्हेत. एकूण तास म्हणजे साठवलेली पुंजी, आणि अलीकडचे तास म्हणजे हातातली नाणी.

अर्धवेळ वैमानिकात नेमकी हीच फारकत असते. गार्डमध्ये अनेक जण पूर्णवेळ सेवा करून आलेले असतात. पुंजी भरपूर, हातात नाणी कमी. पूर्णवेळ तुकडीतल्या तरुण वैमानिकाचं उलट असतं. दोघांची सरासरी काढून "तास पुरेसे आहेत" म्हणणं म्हणजे उंची आणि वजन यांची बेरीज करून तब्येत ठरवण्यासारखं आहे.

वर्षाची सरासरीही अशीच फसवते. दोन वैमानिक घ्या, दोघांचे वर्षाला ९६ तास. पहिली दर महिन्याला ८ तास उडते. दुसरा वणव्याच्या तीन महिन्यांत ७२ तास उडतो आणि उरलेल्या नऊ महिन्यांत मिळून २४, त्यातले काही महिने शून्य. कागदावर दोघे सारखे. फेब्रुवारीतल्या ढगाळ रात्री दोघे सारखे नाहीत.

आणि न उडण्याचा परिणाम सगळ्या कौशल्यांवर सारखा होतो का? विनफ्रेड आर्थर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये कौशल्य कसं झिजतं यावरच्या अनेक अभ्यासांचं मेटा-अॅनालिसिस केलं. वर्षाहून जास्त काळ न वापरलेल्या कौशल्यात सरासरी घट सुमारे १.४ प्रमाण विचलनांइतकी दिसली. पण खरी मेख पुढे आहे: शारीरिक कामांपेक्षा डोक्यानं करायची कामं जास्त झिजतात. स्टीफन कॅसनर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सोळा विमान कंपनी वैमानिकांना बोइंग ७४७-४०० च्या सिम्युलेटरमध्ये तपासलं, तिथेही तसंच चित्र होतं. हातानं विमान सांभाळण्याचं कौशल्य बऱ्यापैकी शाबूत. पण नकाशाच्या पडद्याशिवाय आपण कुठे आहोत याचा मागोवा ठेवणं, पुढचं पाऊल ठरवणं, उपकरण बिघडल्याचं ओळखणं, इथे अडचणी वारंवार.

पोहणं विसरत नाही म्हणतात ते खरं आहे. पण ओढ कुठल्या दिशेला आहे हे ओळखणं विसरायला होतं.

आता हे जीएओच्या यादीशेजारी ठेवा: परिस्थितीचं भान सुटणं, फाजील आत्मविश्वास. हात नीट चालताहेत म्हणून आपण तयार आहोत असं वाटणं आणि डोक्याचा सराव मात्र मागे पडलेला असणं, ही जोडी अर्धवेळ वैमानिकासाठी सगळ्यात घातक असू शकते. "असू शकते" हे मी जाणूनबुजून लिहिलंय. हॅमन-होरोविट्झचे वैमानिक नौदल आणि मरीन कोअरचे होते, वीकेंडवाले नाहीत. कॅसनरचा प्रश्न स्वयंचलित कॉकपिटबद्दल होता, महिन्याच्या खंडाबद्दल नाही. आर्थरच्या मेटा-अॅनालिसिसमधली कामं बहुतांश उड्डाणाची नव्हतीच. तिन्ही अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात, पण कोणीही थेट आपल्या प्रश्नावर बोट ठेवत नाही. संशोधनातली पोकळी म्हणजे ही. "या विषयावर मराठवाड्यात अभ्यास झालेला नाही" ही पोकळी नव्हे!

जीएओचा अहवाल या प्रश्नापर्यंत येतो आणि थांबतो. सराव पूर्ण होत नाही हे तो दाखवतो. कुठला सराव आधी वाचवायचा हे सांगत नाही. तास कमीच मिळणार असतील तर ते सरळ उड्डाणात घालवायचे की सिम्युलेटरमध्ये ढगात शिरण्याच्या प्रसंगावर? अर्धवेळ तुकडीच्या प्रमुखाला दर शनिवारी हाच निर्णय घ्यायचा असतो.

चौथी अडचण: तुलना कोणाशी?

अहवालाचा केंद्रबिंदू गार्ड आहे. ते साहजिक आहे, काम तेच दिलं होतं. पण वाचक "अर्धवेळ म्हणून अपघात" असा अर्थ काढतो, आणि तो काढायला पूर्णवेळ दल शेजारी लागतं.

२९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनजवळ प्रवासी विमानाशी टक्कर झालेलं ब्लॅक हॉक आठवत असेल. ६७ लोक गेले. ते हेलिकॉप्टर पूर्णवेळ आर्मीच्या तुकडीचं होतं. एका घटनेवरून काही सिद्ध होत नाही, पण "पूर्णवेळ म्हणजे सुरक्षित" हे गृहीतक मनातून काढायला ती पुरे. लष्करी विमानसुरक्षेवरच्या राष्ट्रीय आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये दिलेला अहवाल सगळ्या सैन्यदलांचा होता, आणि उड्डाणाचे तास अपुरे, इतर कामांचा भार जास्त ही तक्रार तिथेही होतीच.

आणि तुलना करायचीच तर निवडीचा पूर्वग्रह सांभाळावा लागेल. गार्डमध्ये कोण येतं? अनुभवी, वयानं थोडे मोठे, अनेकदा नागरी क्षेत्रातही उडणारे. एअर अॅम्ब्युलन्स चालवणाऱ्याचे नागरी तास लष्करी नोंदीत दिसणार नाहीत, पण हवामान वाचण्याची त्याची नजर तिथेच तयार होते. उलट गॉगल लावून ताफ्यात उडण्याचा सराव नागरी नोकरीत अजिबात मिळत नाही. त्यामुळे नुसतं "गार्ड विरुद्ध आर्मी" असा टी-टेस्ट लावून मोकळं होता येणार नाही. काय आहे, उत्तर मिळेल, पण कुठल्या प्रश्नाचं ते कळणार नाही.

मग हा अहवाल वाईट आहे का?

नाही. आणि हे नीट समजून घ्या, कारण चिकित्सक आढाव्यात सगळ्यात जास्त गुण इथेच जातात.

हा अहवाल ऑडिट आहे. ऑडिटचा साचा ठरलेला असतो: निकष काय होता, प्रत्यक्ष स्थिती काय, फरक का पडला, परिणाम काय. "नियमानुसार तक्ते अद्ययावत असायला हवेत, ते नाहीत, म्हणून करा." या साच्यात तो चोख आहे. त्याच्याकडून कार्यकारणभावाचा पुरावा मागणं म्हणजे पंचनाम्याकडून शवविच्छेदनाची अपेक्षा करणं. दोष असेल तर तो पंचनाम्यालाच शवविच्छेदन समजून उद्धृत करणाऱ्यांचा.

शिवाय निर्णय थांबत नाहीत. २८ माणसं गेल्यावर "केस-कंट्रोल अभ्यास येईपर्यंत वाट बघू" असं म्हणणं शहाणपणाचं नाही. तंत्रज्ञ कमी आहेत हे दिसतंय तर ते भरायला पुराव्याची फार उच्च पातळी लागत नाही, कारण चूक झाली तरी नुकसान थोडं आहे. पण "अर्धवेळ व्यवस्थाच मोडीत काढा" किंवा उलट "स्वस्त पडते म्हणून आणखी विमानं तिकडे द्या" असं म्हणायचं असेल तर हा अहवाल पुरणार नाही. निर्णय जितका मोठा आणि न फिरवता येणारा, तितका पुरावा भक्कम हवा.

तुमच्यासाठी गृहपाठ

पुढच्या आठवड्यात तुमच्या विषयातला कुठलाही एक पेपर घ्या आणि एका पानावर पाच उत्तरं लिहा:

१. यातला सगळ्यात गाजलेला आकडा कोणता, आणि त्याचा छेद काय? छेद बदलला तर निष्कर्ष उलटतो का?

२. कारण म्हणून जे लिहिलंय ते खरोखर कारण आहे, की घटनेला दिलेलं नाव आहे?

३. जे मोजलंय ते आणि जे मोजायचं होतं ते एकच आहे का? सरासरीखाली काय दडलंय?

४. तुलना गट कोणता? तो गटात कसा आला?

५. हा दस्तऐवज नेमका काय आहे: ऑडिट, सर्वेक्षण, प्रयोग, की मत? त्याच्याकडून त्याच्या कुवतीपलीकडचं काही मागितलं जातंय का, आणि कोण मागतंय?

तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. तिथे खरं उत्तर लिहिता आलं तर सिनॉप्सिसमधलं "संशोधन समस्या" हे प्रकरण अर्धं लिहून झालं समजा. लिहिलेलं पान कमेंटमध्ये टाकलंत तर वाचेन आणि उत्तर देईन. रविवारी रात्री बसते या कामाला, महिन्यातून एकदाच नाही, दर आठवड्याला.